रात्री तीनचा गजर कोणाचा?

(पत्र भांडुपहून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा देते.)

पत्रलेखक ४१ वर्षांचे, खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. धाकटा मुलगा पाच वर्षांचा. गेल्या गणपतीत मुलगी सारखी पाणी पिऊ लागली, रात्री अंथरूण ओलं करू लागली, फ्रॉक ढगळ व्हायला लागले. ‘व्हायरल’ म्हणून औषध झालं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी उलट्या आणि धाप, मग चार दिवस आयसीयू. निदान झालं टाइप वन डायबेटिसचं. तेव्हा दिवसाला २२ युनिट इन्सुलिन लागत होतं, आता ८ लागतं. दिवाळीपासून कणकवलीहून थोरले भाऊ एका वैद्यांचं चूर्ण आणून देतात आणि हा त्याचाच गुण आहे, असं घरातल्या बहुतेकांचं मत आहे. पत्रलेखक रोज रात्री जगभरातल्या नव्या उपचारांच्या बातम्या वाचतात. ‘इलाज आला की हाताशी असावी’ म्हणून त्यांनी सहा लाखांची एफडी ठेवली आहे. मध्यंतरी एका केंद्राने स्टेम सेलने (इतर प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशींनी) आजार मुळापासून घालवतो, खर्च साडेचार लाख, असं सांगितलं. त्यांचे प्रश्न तीन : चूर्ण वाढवून इन्सुलिन हळूहळू बंद करता येईल का? पैसे या केंद्रात घालावेत की परदेशातल्या उपचारासाठी राखावेत? आणि ‘मुलीची जात आहे, पुढे लग्नात अडेल’ म्हणून शाळेत आणि सोसायटीत काहीच सांगितलेलं नाही, ते योग्य आहे ना? शेवटी ताजा कलम : ‘जानेवारीत शाळेची पिकनिक आहे. ती हट्ट करते आहे. अर्थात पाठवणार नाही.’

तुमचं पत्र साडेचार पानी आहे. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. त्या खुणांवर पुढे येईनच. आधी चूर्णाचं बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही.

२२ वरून ८ वर आल्याचा आनंद मला मोडायचा नाही. बातमी चांगलीच आहे. पण श्रेय चुकीच्या डबीला चाललं आहे. तुमच्या मुलीच्या शरीराच्या संरक्षण यंत्रणेने तिच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला केला. गोड खाल्लं म्हणून हे होत नाही. आजीने दिलेल्या लाडवांचा यात काही संबंध नाही, हे आजीलाही एकदा स्पष्ट सांगा. निदान होतं तेव्हा थोड्या पेशी शिल्लक असतात, पण त्या दमून बसलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं की त्यांना विसावा मिळतो आणि काही काळ त्या पुन्हा कामाला लागतात. डोस उतरतो तो यामुळे. डॉक्टर याला ‘हनीमून फेज’ म्हणतात. नऊ वर्षांच्या मुलीबद्दल बोलताना हा शब्द तोंडावर आणायला नको वाटतो, तेव्हा आपण ‘उघडीप’ म्हणू या. श्रावणात दोन दिवस ऊन पडलं म्हणून कोणी छत्री माळ्यावर टाकत नाही.

ही उघडीप काही आठवड्यांची असते, काही महिन्यांची, क्वचित वर्षभराहून जास्त. मग डोस पुन्हा चढतो, आणि वयात येताना तर संप्रेरकांमुळे आणखीच. माझी खरी काळजी त्या दिवसाची आहे. आज गुण चूर्णाचा असेल, तर डोस चढेल त्या दिवशी दोष कोणाचा? ‘पथ्य नीट पाळलं नाही’ असं कोणीतरी म्हणेल, आणि पथ्य सांभाळते तुमची बायको.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर साफ नाही असं आहे. डोस कमी-जास्त करायचा तो साखरेचे आकडे बघून, डॉक्टरांना विचारून. पूर्ण बंद कधीच नाही. तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर तिला ताप आला, ती जेवली नाही, तेव्हा भाऊ म्हणाले, ‘पोटात काही नाही, मग सुई कशाला?’ हे ऐकायला तर्काला धरून वाटतं, म्हणून जास्त घातक. तापात शरीराची इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. लांब काम करणारं इन्सुलिन उपाशीपोटीही लागतंच. ते थांबलं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन साठतात आणि चार महिन्यांपूर्वी जे झालं ते पुन्हा होतं. आजारपणात दर तीन-चार तासांनी साखर बघा, २५० च्या वर राहिली तर कीटोन तपासा. पुन्हा पुन्हा उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि भरभर श्वास, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

भावांशी मात्र भांडू नका. कोकणकन्येने रात्रीतून येऊन आयसीयूबाहेर बसलेला माणूस आहे तो. त्यांच्या हाताला काही काम हवंय, आणि चूर्ण आणणं हे एकच काम त्यांना सापडलं. दुसरं द्या. पुढच्या वेळी आले की त्यांना इन्सुलिनचं पेन लावायला आणि साखर मोजायला शिकवा. मे महिन्यात मुलीला कणकवलीला सुट्टीला जाता येईल की नाही, हे त्यावर अवलंबून आहे असंही सांगा. माझ्या अनुभवाने काका लोक यानेच विरघळतात. चुर्णात काय आहे ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते पोटात जाऊ नये, एवढा एकच मुद्दा सोडू नका. आणि त्या वैद्यांची ‘मधुमेह मुळासकट बरा’ अशी जाहिरात असेल, तर ‘जादूचे उपाय’ रोखणारा १९५४ चा कायदा अशा जाहिरातीला मनाई करतो. त्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे.

आता बातम्या. तुम्ही वाचता त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत, हे आधी मान्य करते. २०२५ च्या जूनमध्ये झिमिस्लेसेल नावाच्या उपचाराचे निकाल आले. स्टेम सेलपासून प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशींचा पूर्ण डोस १२ जणांना दिला होता, त्यातल्या १० जणांना वर्षानंतर इन्सुलिन टोचावं लागत नव्हतं. मलाही वाचून गहिवरून आलं होतं. पण ते सगळे प्रौढ होते, साखर इतकी अचानक आणि न कळता उतरायची की जिवाला धोका व्हावा असे. आणि त्या पेशी टिकाव्यात म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात. शाळेत शिंकणाऱ्या चाळीस मुलांत बसणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीला हा सौदा आज कुठला डॉक्टर सुचवेल? ही औषधंच नकोत म्हणून स्वीडनमध्ये जनुकं बदललेल्या पेशी एका माणसाच्या हाताच्या, कोपराखालच्या स्नायूत सोडल्या. त्या जगल्या, इन्सुलिनही बनवू लागल्या. मात्र डोस मुद्दाम छोटा होता आणि त्या माणसाचं इन्सुलिन सुटलं नाही. तोंडाने श्वासाबरोबर ओढायच्या इन्सुलिनला भारतात डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीही प्रौढांसाठी, आणि लांब कामाची सुई त्यातही चुकत नाही.

बातमी वाचताना चार गोष्टी शोधत चला : किती लोकांवर, कोणत्या वयाच्या, किती महिन्यांनंतर, आणि सोबत दुसरं कोणतं औषध. हे चार आकडे नसतील तर तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका.

साडेचार लाखांच्या केंद्राबद्दल तर मला वेगळा राग आहे. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारखे ठरावीक प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. अशा चाचणीत रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेत नाहीत. त्या केंद्राला चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारा. नंतर त्यांचा फोन आला नाही तर उत्तर मिळालं समजा.

राहिली एफडी. माझी एक मावशी गिरगावात चाळीत राहायची. सत्तरच्या दशकात तिच्या मुलाला हाच आजार झाला. काचेची सिरिंज पातेलीत उकळायची, दगडावर सुईला धार लावायची. साखर मोजायची म्हणजे परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर मावशी देवाला नमस्कार करायची, विटकरी झाला तर स्वयंपाकघरात जाऊन गप्प बसायची. तेव्हाच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, ‘दहा वर्षांत औषध निघेल.’ तिने ऐकून घेतलं आणि संध्याकाळची सुई उकळायला टाकली. मावसभाऊ आज बँकेतून निवृत्त झालाय, डोळ्यांची तपासणी दरवर्षी न चुकता करतो आणि क्रिकेटवर अजून तावातावाने भांडतो.

हे सांगायचं कारण, तुमच्या पत्रात ‘इलाज’ हा शब्द कायम भविष्यकाळात येतो. इलाज आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या, हाडाचा सापळा झालेल्या मुलाला तो पहिल्यांदा टोचला गेला. त्याआधी या मुलांना उपाशी ठेवून थोडे महिने मिळवणं, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. (इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन असतो. आपल्याकडे नेमका बालदिन. शाळांना हा योगायोग कधी सुचत का नाही, कोण जाणे.) गेल्या शंभर वर्षांत सुई बारीक झाली, इन्सुलिन सुधारलं, आणि सर्वांत मोठी उडी मोजमापात झाली. दंडावर चिकटवायचा सेन्सर १४ दिवस चालतो, मोबाइलवर आकडा दाखवतो आणि साखर उतरायला लागली की वाजतो. तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. मुलगी घामाघूम आहे आणि आकडा छान दिसतोय, असं झालं तर बोट टोचून खात्री करा.

तुम्ही अकाउंट्सवाले, म्हणून हिशेबच मांडते. एक सेन्सर साधारण चार-पाच हजारांचा. सहा लाखांचं वर्षाचं व्याज चाळीस हजारांच्या आसपास. मुद्दलाला हात न लावता वर्षाला आठेक सेन्सर, म्हणजे एकशे दहाएक दिवस. परीक्षेचे, तापाचे, डोस बदलल्याचे, प्रवासाचे आणि पिकनिकचे दिवस त्यात बसतात. इतर दिवशी बोट टोचून चालेल. पुढे साखर बघून स्वतः डोस जुळवणाऱ्या पंपाचा विचार करावासा वाटला तर मुद्दल आहेच. पंप काही लाखांचा असतो आणि त्याचा दरमहाचा खर्च वेगळा, तेव्हा घाई नको. त्यातूनही उद्या खरोखर इलाज आला, तर त्यासाठी तिचे डोळे, मूत्रपिंडं आणि नसा शाबूत असायला हव्यात. त्याची तयारी आजच्या साखरेत होते.

आता पेन्सिलीच्या खुणा. साडेचार पानांत ‘स्टेम सेल’ अकरा वेळा आहे. तुमची बायको एकदाच येते : ‘मिसेस रात्री तीनला उठून शुगर चेक करते, त्यामुळे हल्ली चिडचिडी झाली आहे.’ चार महिने, म्हणजे सव्वाशे रात्री. तुम्ही रात्री जागता ते बातम्या वाचायला, ती जागते बोट टोचायला. दोघांचीही माया खरी आहे, यात मला शंका नाही. फक्त तुमच्या वाट्याला आशा आली आणि तिच्या वाट्याला बोट टोचायची सुई, लॅन्सेट. रात्री वाटून घ्या. ‘मला उठव ना’ असं म्हणून भागणार नाही, कारण उठवण्यासाठी तिला उठावंच लागतं. डोस काढणं, पोळीचा हिशेब (मध्यम आकाराची एक पोळी म्हणजे ढोबळमानाने १५ ग्रॅम कर्बोदकं), हे तुम्हालाही तिच्याइतकंच आलं पाहिजे. एक धोक्याची जागा : आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या अजून ४० युनिटच्याही मिळतात, पेनची काडतुसं १०० ची. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. पेन बिघडलं म्हणून काडतुसातून लाल सिरिंजने कधीही ओढू नका. डोस अडीचपट जातो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, शाळेत लपवण्याचं, उत्तरही नाही असंच आहे. समजा गणिताच्या तासाला तुमच्या लेकीची साखर ५५ झाली. ती बाकावर डोकं टेकेल. बाई म्हणतील, ‘रात्री लवकर झोपत जा.’ त्यांचं काय चुकलं? त्यांना माहीतच नव्हतं. तुमचं गुपित सांभाळण्याचं काम तुम्ही नऊ वर्षांच्या पोरीवर टाकलं आहे, आणि ती मधल्या सुट्टीत कुठेतरी आडोशाला बोट टोचत असणार किंवा टोचतच नसणार. तिला विचारा.

मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका आणि पीटीचे सर यांना भेटा, एका कागदावर मराठीत लिहून द्या. ती थरथरली, घामेजली, उगाच रडली किंवा चिडली तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून, तिच्या वजनाला दोन ते तीन चहाचे चमचे; नेमकं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. एकटीला वर्गाबाहेर पाठवू नका. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून रुग्णालय. ग्लुकोजचा एक डबा बाईंच्या टेबलात, एक तिच्या दप्तरात. शाळांना हे नवीन नाही. सीबीएसईने २०१७ पासून या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ आणि पाणी जवळ ठेवू दिलं आहे. तुमची शाळा कोणत्याही बोर्डाची असो, ते उदाहरण पुढे करा. पावसाळ्यात दप्तरात जास्तीचा डबा आणि पेन हवंच. कुर्ल्याला पाणी भरलं की तुम्ही दोघं किती वाजता घरी पोचाल, हे रेल्वेलाही सांगता येत नाही.

लग्नाचं म्हणाल, तर पंधरा वर्षांनी कोण काय म्हणेल यासाठी आजची शाळा पणाला लावू नका. या आजाराच्या बायका नोकऱ्या करतात, साखर नीट सांभाळून मुलांना जन्म देतात. आईला टाइप वन असला तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन. जे घर सुई बघून मागे फिरेल ते आधीच फिरलेलं बरं, असं मला वाटतं, पण हे माझं मत आहे, वैद्यकशास्त्र नव्हे.

धाकट्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘मुलाचं पण बघायला हवं’ असं अर्धं वाक्य खोडलेलं दिसतंय. भावंडाला होण्याची शक्यता शंभरात साधारण पाच. दर आठवड्याला त्याचं बोट टोचू नका. तहान, लघवी, वजन यांवर लक्ष ठेवा, आणि अँटिबॉडीची (पेशींवरच्या त्या हल्ल्याची आधीच चाहूल देणारी) रक्ततपासणी करावी का, ते डॉक्टरांना विचारा. आजार यायच्या आधीच्या टप्प्यात तो साधारण दोन वर्षं पुढे ढकलणारं टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं, तेव्हा आठ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी. तुमच्या कात्रणांतली तुमच्या घराला पुढेमागे लागू पडू शकेल अशी बातमी असलीच तर ही, आणि देव करो, तीही लागू न पडो.

हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी थोडं. मुंबईत परळचं वाडिया बाल रुग्णालय, केईएम, शीव, नायर इथे जायला लाजू नका. मुलांच्या मधुमेहाचा अनुभव असलेला डॉक्टर मिळणं सगळ्यांत महत्त्वाचं. इन्सुलिन परवडत नसेल तर ‘चेंजिंग डायबेटिस इन चिल्ड्रन’ या मोफत मदतीच्या योजनेचं केंद्र कुठे आहे, ते तिथेच विचारा. जुव्हेनाइल डायबेटिस फाउंडेशनसारख्या संस्थांमध्ये अशीच मुलं असलेली घरं भेटतात. आपल्यासारखाच दंडाला सेन्सर लावलेला दुसरा पोरगा दिसला की मुलं जी खुलतात, ते कुठल्याही समुपदेशनाने होत नाही.

आणि पिकनिक. पाठवा. वासिम अक्रमला तिशीत, १९९७ मध्ये हाच आजार झाला. १९९९ च्या वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यापर्यंत त्याने संघ नेला आणि २००३ पर्यंत तो गोलंदाजी करत होता. (आपल्याला त्याचा ताप झाला, तो वेगळा विषय.) तुमच्या लेकीला तर फक्त झोपाळ्यावर बसायचंय आणि मैत्रिणींबरोबर बसमध्ये ओरडायचंय. आदल्या दिवशी नवा सेन्सर लावा, धावपळीच्या दिवशी डोस किती उतरवायचा ते डॉक्टरांना फोन करून विचारा, बाईंना तो कागद द्या. इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या दप्तराच्या वरच्या कप्प्यात नको, ओल्या रुमालात गुंडाळलेल्या डब्यात आतमध्ये. खाऊचे डबे दोन द्या. एक मैत्रिणी संपवतील.

दिवसभर हुंदडलेल्या मुलाची साखर कितीतरी तासांनी, मध्यरात्रीनंतरही उतरू शकते. तेव्हा त्या रात्री झोपताना एकदा आणि तीन वाजता एकदा बघायचं. गजर तुमच्या मोबाइलवर लावा, आणि मोबाइल तुमच्या उशाशी ठेवा.